हजेरीपट आणि पगारपत्रक

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझ्या पहिल्या पगाराच्या कागदावर कपातीच्या रकान्यात एक छोटीशी रक्कम होती. तिच्यापुढे लिहिले होते, ‘व्यवसाय कर’. साल १९८६. मी नुकतीच कॉलेजात इतिहास शिकवायला लागले होते. हा कर कशाचा, असे मी कचेरीतल्या कारकुनांना विचारले. ते म्हणाले, “मॅडम, सगळ्यांचाच कापतात.” तेवढ्यावर माझे समाधान झाले. पहिल्या पगाराच्या आनंदात कोण जास्त चौकशी करतो?

त्या वर्षी आमच्याकडे पावसाने दगा दिला होता. आमचे गाव करकंब. पंढरपूरहून टेंभुर्णीकडे निघाले की वाटेत लागते. सुट्टीत घरी गेले, तर आई दुपारी घरात नव्हती. ती हमीच्या कामावर, नाल्याच्या बांधावर माती टाकायला गेली होती. मी पैसे पाठवते म्हटले तरी ती ऐकायची नाही. “तुझं तुला ऱ्हाऊ दे. आमच्या गावातल्या समद्या बायका जात्यात, मीच घरी बसून काय करू?” असे तिचे म्हणणे.

पुढे काही वर्षांनी वर्गात दुष्काळाचा इतिहास शिकवताना तयारीसाठी मी जुने कायदे चाळत होते. तेव्हा कुठे उलगडा झाला. माझ्या पगारातून कापला जाणारा तो व्यवसाय कर महाराष्ट्राने १९७५ साली बसवला होता, आणि तो मुळात रोजगार हमी योजनेसाठीच होता. म्हणजे माझ्या पगारातले चार पैसे शहरातून निघून, मुंबईची तिजोरी फिरून, माझ्याच आईच्या घमेल्यापर्यंत पोचत होते. हा योगायोग मी वर्गात कितीदा तरी सांगितला. मुले हसायची. मला मात्र त्याचे हसू येत नसे.

हे आज सांगण्याचे कारण असे. हल्ली अर्थसंकल्प जवळ आला की तीन गोष्टींची चर्चा हमखास होते : स्त्रियांच्या समानतेसाठी किती तरतूद, संशोधनासाठी किती आणि हवामानबदलाला तोंड देण्यासाठी किती. या तीन गोष्टी तीन वेगळ्या खात्यांत असतात, तीन वेगळी माणसे त्यांवर बोलतात. आमच्या सोलापूर जिल्ह्यात मात्र हे तिन्ही खर्च एका बांधावर एकत्र आले होते. ते कसे आले आणि कसे पांगले, ते मला सांगायचे आहे.

सुरुवात मागून करावी लागेल. १८७६ साली पावसाने पाठ फिरवली आणि दख्खनवर जो दुष्काळ कोसळला, त्यात सोलापूर जिल्हा पार होरपळला. सरकारने कामे काढली. आमच्यापासून फार लांब नसलेल्या आष्टीच्या तलावावर त्या काळात दुष्काळी मजुरांनी माती वाहिली. तो तलाव आजही आहे. पण सरकारला खरी काळजी खर्चाची होती. हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीसाठी पाठवले आणि त्यांनी १८७७ च्या जानेवारीत मजुरी खाली आणली. मोठ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य येईल एवढी मजुरी आणि वर किरकोळ पैसे. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाचे यावर कसे भागावे? बाईचा दर पुरुषाहून कमी आणि मुलाचा त्याहून कमी, हे तर गृहीतच होते. मुंबई इलाख्यातल्या असंख्य मजुरांनी कामे सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारकडे अर्जांवर अर्ज केले.

या दुष्काळातून एक चांगली कल्पना मात्र निघाली. दुष्काळ पुन्हा येणारच, तर दरसाल त्यासाठी पैसा बाजूला का काढू नये? १८७८ साली अर्थसदस्य सर जॉन स्ट्रेची यांनी दरसाल दीड कोटी रुपयांची दुष्काळ विम्याची तरतूद जाहीर केली. त्यासाठी व्यापारी-कारागिरांवर परवाना कर बसला. लोकांना सांगितले गेले की हा कर दुष्काळासाठी आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस अफगाण युद्ध सुरू झाले आणि ज्या तिजोरीत हा पैसा जमत होता, ती युद्धासाठी रिकामी होऊ लागली. दुष्काळाची तरतूद आखडली. यावर हिंदी वृत्तपत्रांनी आणि पुढाऱ्यांनी वर्षानुवर्षे टीका केली. कर चालू राहिला, हे वेगळे सांगायला नको.

मला या प्रकरणाचे महत्त्व फार वाटते. एखाद्या कामासाठी पैसा जाहीर करणे आणि तो त्या कामाला बांधून ठेवणे यांत किती अंतर असते, हे आपल्या लोकांना तेव्हा पहिल्यांदा कळले. १८९६ च्या दुष्काळात सार्वजनिक सभेच्या माणसांनी आणि ‘केसरी’ने दुष्काळाचा सरकारी कायदा मराठीत समजावून शेतकऱ्यांपर्यंत पोचवला. सरकारने दया करावी असे त्यांनी म्हटले नाही. तुमच्याच नियमात लिहिले आहे ते करा, असे म्हटले. सरकारला ते झोंबले आणि १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेण्यात आली.

आता संशोधनाकडे वळू. सोलापूरचा पाऊस सरासरीने पाचशे-सहाशे मिलिमीटर, आणि तोही सांगून येत नाही. आमची मुख्य शेती रब्बीची. भाद्रपद-आश्विनात काळ्या रानात जेवढी ओल मुरेल तेवढ्यावर ज्वारीने थंडी काढायची. म्हणजे शेतकऱ्याची खरी बँक जमिनीच्या पोटात असते. या बँकेत ठेव कशी वाढवावी, याचा अभ्यास व्हायला हवा, हे सरकारला पटायला १९२८ चा शेतकी आयोग यावा लागला. त्यानंतर १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे केंद्र सुरू झाले. विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक येथेही अशी केंद्रे निघाली. हे काम पुढे नेणाऱ्यांत कानिटकरांचे नाव मोठे. सोलापूरच्या केंद्रात उताराच्या वाफ्यांतून पावसाबरोबर किती पाणी आणि किती माती वाहून जाते, याचे मोजमाप झाले. आज यात नवल वाटणार नाही. पण तोवर ‘माती वाहून जाते’ हे सगळे जाणत होते, ‘किती जाते’ हे कोणी मोजले नव्हते. आकडा आल्यावर उपाय आला. समपातळीवर बांध घालायचे, नांगरट उताराला आडवी करायची, पेरणी विरळ ठेवायची. १९४२ साली मुंबई सरकारने जमीन सुधारणेचा कायदा केला आणि बांधबंदिस्तीची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली.

त्याच काळात, १९३० च्या दशकाच्या अखेरीस, मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हे वाण निघाले. मोहोळ आमच्या शेजारचा तालुका. पांढराशुभ्र टपोरा दाणा, गोड भाकरी आणि जनावराने चाटून पुसून खावा असा कडबा. इतकी वर्षे झाली, कितीतरी नवी वाणे आली, तरी आजही रब्बीत हे वाण पेरले जाते. एका छोट्या केंद्रावर केलेल्या त्या खर्चाने किती पिढ्यांचे पोट भरले, याचा हिशेब कोणी मांडला आहे का? आपला देश आजही सगळ्या प्रकारच्या संशोधनावर मिळून राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्काही खर्च करत नाही. संशोधनाची अडचण अशी की त्याच्या उद्घाटनाची फीत कापता येत नाही. फळ येईपर्यंत मंत्री बदललेला असतो.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. मी तेव्हा आठ वर्षांची. दुष्काळ म्हणजे काय ते कळत नव्हते, पण घरातली भाकरी एकाएकी तांबडी झाली एवढे कळले. रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो मिळायचा. मालदांडीवर वाढलेल्या माणसांना तो गिळवत नसे. आज्जी तर त्याला भाकरी म्हणायलाच तयार नव्हती. आमची पेरणी वाया गेली, बैल विकला, आणि आई-आण्णा दोघेही गावाबाहेरच्या खडीच्या केंद्रावर जाऊ लागले. शाळा सुटली की मी धाकट्या भावाला काखेत मारून तिथे जायची, कारण तिथे सुकडी मिळायची. उन्हात बसलेल्या बायकांच्या रांगा, हातोड्यांचा ठणठण आवाज, डोळ्यांत खडीचा कण जाऊ नये म्हणून पदर पुढे ओढलेला, आणि झाडाला टांगलेल्या झोळ्यांतली रडणारी पोरे. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती, हे मी पुढे पुस्तकात वाचले. आमच्या केंद्रावरचे तोंडओळखीचे शंभर-दीडशे चेहरे त्या पन्नास लाखांत कुठेतरी असतील.

आईचे नाव हजेरीपटावर आयुष्यात पहिल्यांदा लागले ते तिथे. तोवर तिचे नाव कुठल्याच कागदावर नव्हते. सातबाऱ्यावर नाही, शाळेत ती गेलीच नव्हती, रेशनकार्डावर असेल तर आण्णांच्या खाली. मुकादमाने नाव विचारले तेव्हा तिला सांगता येईना. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, आणि नुसते आपले नाव कधी कोणाला सांगितलेले नाही! शेवटी शेजारणीने सांगितले.

पण नाव लागले म्हणून पैसे हातात आले असे नाही. आमच्या केंद्रावर जोडीची मजुरी पुरुषाच्या हातात देत. आई अंगठा उठवायची आणि पैसे आण्णा मोजून घ्यायचे. आण्णा भला माणूस, त्यांनी पैसे उडवले नाहीत. पण आईला तिने किती कमावले हे कधी कळले नाही. पुष्कळ वर्षांनी मी तिला विचारले, तर म्हणाली, “मला काय ठावं? मी दगड मोजीत हुते, पैसं न्हाई.”

आता सरकारदरबारी काय चालले होते ते पाहू. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातले गांधीवादी गृहस्थ. त्यांचे नाव विठ्ठल, त्यामुळे आम्हा पंढरपूरकरांना ते आपलेच वाटतात. त्यांच्या डोक्यात साठच्या दशकापासून एक विचार होता. खेड्यातल्या ज्याला अंगमेहनतीचे काम हवे आहे त्याला ते मिळालेच पाहिजे, दुष्काळ असो वा नसो. तासगाव तालुक्यात त्यांनी तसा प्रयोगही करून पाहिला होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ही कल्पना उचलली आणि १९७२ साली योजना जाहीर झाली. तेवढ्यात दुष्काळ उभा ठाकला, म्हणून ती मागे पडली आणि नंतर पुन्हा सुरू झाली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता. तो भत्ता मिळालेला माणूस आमच्या गावात मी पाहिला नाही, पण कायद्यात तो होता हे खरे.

माझ्या मते या कायद्यातली मोठी गोष्ट पैशाची होती. काम मागण्याचा हक्क द्यायचा आणि तिजोरी रिकामी असेल तर हात वर करायचे, असे होऊ नये म्हणून आधीच, १९७५ मध्ये, व्यवसाय कर बसवला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांनी तो भरायचा. विक्रीकर, मोटारवाहने आणि बागायती जमीन यांच्यावरही बोजा टाकला. आणि जेवढा कर जमेल तेवढीच रक्कम सरकारने स्वतःच्या तिजोरीतून घालायची. हा सगळा पैसा रोजगार हमी निधीचा. स्ट्रेचीसाहेबांच्या दुष्काळ विम्यात जी फट होती ती बुजवण्याचा हा प्रयत्न होता, असे मला इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून वाटते. शहराने गावासाठी कर भरायचा, आणि विधिमंडळात सगळ्या पक्षांनी त्याला हात वर करायचा, हे आजच्या राजकारणात डोळ्यांसमोर आणून पाहा.

बायकांसाठी ही योजना आखली होती असे कोणी म्हणाले नव्हते. पण कामावर निम्म्याच्या आसपास आणि कुठे कुठे निम्म्याहून जास्त बायकाच दिसू लागल्या. याचे कारण साधे होते. काम घराजवळ होते. कोणाच्या दारात जाऊन ‘कामाला घ्या’ म्हणावे लागत नव्हते. मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर होती. मातीचे माप घेताना ती बाईने उचलली की पुरुषाने हे टेपला कळत नाही. प्यायचे पाणी, सावली आणि पोरांसाठी पाळणाघर देण्याची तरतूद होती. पाळणाघर म्हणजे बहुतेक ठिकाणी एक म्हातारी आणि एक झाड, पण म्हातारीला त्याची मजुरी मिळायची. शेतमालकाकडे बाईला पुरुषाच्या निम्मी मजुरी मिळत असताना हे मोठे होते. हमीचे काम सुरू असले की मालकालाही दर वाढवावा लागायचा. मग तो म्हणायचा, हमीने बायका माजल्या!

आणि कामे कसली निघाली? पाझर तलाव, नालाबांध, समपातळी बांध. म्हणजे सोलापूरच्या संशोधकांनी वाफ्यांतून जे मोजले होते तेच आता आमच्या बायका घमेल्याने उचलत होत्या. पाणी अडवायचे, माती धरून ठेवायची, जमिनीच्या पोटातली ठेव वाढवायची. यालाच आज हवामानबदलाशी जुळवून घेणे म्हणतात. त्या वेळी याला दुष्काळी काम म्हणत. संशोधनाने बांधाची जागा दाखवली, शहरातल्या कराने मजुरी दिली आणि बाईच्या डोक्यावरून तो बांध उभा राहिला.

पुढे धागे सुटत गेले. १९९० साली हमीची सांगड फळबागांशी घातली गेली. डाळिंब, बोर, आंबा लावायला सरकार पैसे देऊ लागले. सोलापूर जिल्ह्याचा चेहरा या योजनेने बदलला हे नाकारता येणार नाही. आमच्याच भावकीतल्यांनी डाळिंबाची बाग लावून घर बांधले. २००५ मध्ये सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आले, आणि तेल्या रोगाने बागाच्या बागा जाऊ लागल्या तेव्हा त्याची गरज पटली. पण एक बदल झाला तो फार थोड्यांच्या ध्यानात आला. बागेचे अनुदान मिळायला सातबारा लागतो, आणि सातबारा पुरुषाच्या नावावर. हजेरीपटावर नाव असलेली बाई आता त्याच योजनेत बागेच्या मालकाकडे रोजाने जाऊ लागली. कोणाचे वाईट चिंतून हे झाले नाही. फक्त कागद बदलला.

व्यवसाय कर मात्र चालू राहिला. १९८८ च्या घटनादुरुस्तीने त्याची कमाल मर्यादा वर्षाला अडीचशेवरून अडीच हजार झाली. महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, हे नोकरदारांना पाठ आहे. जमा झालेला सगळा पैसा हमी निधीत वर्ग होत नाही, असे महालेखापरीक्षकांनी नोंदवले आहे. कर एका नावाने घ्यायचा आणि तिजोरीच्या सर्वसाधारण पोटात मिसळून टाकायचा. १८७८ ची आठवण येते ती इथे. २००५ साली केंद्राने महाराष्ट्राच्या योजनेवरून धडा घेऊन सगळ्या देशासाठी कायदा केला, त्यात एकतृतीयांश बायका असाव्यात असे लिहिले. २०२५ च्या अखेरीस त्या कायद्याच्या जागी दुसरा कायदा आला.

केंद्राच्या अर्थसंकल्पात २००५-०६ पासून ‘जेंडर बजेट’ नावाचे एक स्वतंत्र विवरणपत्र छापले जाते. कुठल्या योजनेतला किती पैसा बायकांपर्यंत जातो ते त्यात मांडायचे. कल्पना चांगली आहे. एका भागात शंभर टक्के बायकांसाठीच्या योजना, दुसऱ्या भागात किमान तीस टक्के बायकांसाठी असलेल्या. पण तो आकडा खात्याने घातलेला असतो. आमच्या खडीच्या केंद्रावरही हजेरीपट पाहिला असता तर निम्मी नावे बायकांची निघाली असती, आणि पैसे मोजणारे हात पुरुषांचे होते. २०२४ पासून महाराष्ट्रात दरमहा दीड हजार रुपये थेट बाईच्या खात्यात जाऊ लागले. आपल्या नावाचे खाते हातात येणे ही मोठी गोष्ट आहे, ते मी आईकडे पाहून सांगते. पण त्या पैशाने बांध होत नाही. आणि २०२३ साली पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना व्यवसाय करातून सूट मिळाली, हे वाचून मी मनातल्या मनात हसले. बाईला सूट कुठल्या करातून दिली, तर ज्याने बाईला पहिल्यांदा समान मजुरी दिली त्यातून!

उजनी १९८० साली पूर्ण झाल्यावर आमच्या तालुक्यात पाणी आले, ऊस आला, आणि बहात्तर साल हे म्हाताऱ्यांच्या गप्पांत उरले. पण २०१२-१३ ला पुन्हा टँकर आले. तेव्हा आई म्हणाली, “तवा पाणी हुतं, दाणं नव्हतं. आता दाणं हायती, पाणी न्हाई.” २०२० च्या ऑक्टोबरात भीमेच्या पुराने पंढरपुरात हाहाकार केला. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेने माढा-मोहोळची गावेच्या गावे पाण्यात घातली. कोरड्यासाठी केलेली आमची सगळी तयारी ओल्यात वाहून जाते आहे. आता मोजायचे काय आणि बांधायचे काय, हे पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागणार.

मी निवृत्त झाले त्या महिन्यापासून माझ्या कागदावरची व्यवसाय कराची ओळ गेली. त्या सुमारास आईला घेऊन एकदा गावाबाहेरच्या पाझर तलावावर गेले. तिने तिथे कितीतरी उन्हाळे माती टाकली होती. तलावात पाणी होते, पण गुडघाभरच. बाकी सगळा गाळ. भरावावर वेड्या बाभळी माजल्या होत्या. आई काठीने गाळ टोचून बघत बराच वेळ उभी राहिली.

“ह्यो गाळ कोण काढणार?” तिने विचारले.

मी म्हटले, “त्याचीही योजना असते. अर्ज करावा लागतो.”

“आन् पैसं कुटल्या खात्यातनं येत्यात?”

मला ते नक्की सांगता आले नाही. ती म्हणाली, “मग आधी ते इचारून घे. आर्ज मागनं कर.”